शांततेचा विसार

मूर्तिजापूरला मोठी गाडी सोडून यवतमाळच्या छोट्या गाडीत बसलो, तेव्हा माझी दाढी नुकतीच केलेली होती. यवतमाळला उतरलो तेव्हा हमालाने मला साधू समजून वाकून नमस्कार केला. त्यावरून गाडीचा वेग ओळखा. वाटेत एक नवरदेव चढला होता, तो उतरला तेव्हा त्याच्या कडेवर नातू होता. पुण्यात हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत. त्या गाडीत बसलेला माणूस हसत नाही, तो फक्त मान डोलावतो.

समोरच्या बाकावर एक म्हातारबाबा हरभऱ्याचे घाटे सोलत बसले होते. मी विचारलं, "बाबा, ही गाडी याहून जोरात जात नाही का?"

"जाते ना," ते म्हणाले. "पण इतक्या लवकर पोचून करसान काय तठी?"

 हा प्रश्न खरं म्हणजे आम्हा सगळ्यांनाच विचारायला हवा होता.

आम्ही म्हणजे कोण ते सांगतो. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि दिल्लीत पुढच्या पंचवार्षिक योजनेचे कागद रंगू लागले होते. त्यात कोणाच्या तरी डोक्यात आलं, की देशाला एक प्रचंड यंत्र हवं. ते डोंगराच्या उतारावर बसवायचं, खांब आणि तारांचं, लांबीला पुण्याचा लकडी पूल लाजेल एवढं. त्यातून आकाशातल्या ताऱ्यांचे रेडिओ ऐकायचे. तारे रेडिओ लावतात हे मला तेव्हाच कळलं. माझ्या शेजाऱ्यापेक्षा कमी आवाजात लावतात, एवढाच फरक.

या यंत्रासाठी जागा शोधायला समिती नेमली होती. तिचे अध्यक्ष पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले मोठे इंजिनिअर. त्यांना आम्ही रावसाहेब म्हणत असू. उंच, शिडशिडीत, आणि इतके खरे बोलणारे, की घरी नसतील तेव्हा स्वतःच दारावर तशी पाटी लावून जात. दुसऱ्या सभासद डॉ. मालतीबाई, रेडिओशास्त्रातल्या विदुषी. वय तिशीच्या आसपास, बोलणं मोजकं, आणि सोबत एक लाकडी पेटी. पेटीत बॅटरी आणि काटा. बांबूवर तार ताणून ती पेटीला जोडली, की आसपास विजेच्या किती ठिणग्यांचा कलकलाट आहे ते काटा दाखवी. तिसरे सभासद दिल्लीचे. त्यांनी निघण्याआधीच दिलगिरी कळवली, त्यामुळे सगळ्यात कमी चुका त्यांच्या झाल्या. मी फोटोवाला. डोंगरांचे फोटो काढायचे आणि समितीचं मनोरंजन करायचं, यातलं दुसरं काम मी आपणहून अंगावर घेतलेलं.

मालतीबाईंनी यवतमाळच्या धर्मशाळेत पहिल्याच दिवशी समजावून दिलं, "यंत्राला शांतता हवी. माणसांची नाही, ती कितीही ओरडू देत. विजेची तार नको, मोटार नको, इंजिन नको. आज नको आणि पुढची तीस-चाळीस वर्षंही नकोत."

"म्हणजे आपण मागासलेली जागा शोधतोय," मी म्हणालो.

"आपण अशी जागा शोधतोय," रावसाहेब गंभीरपणे म्हणाले, "जिला आपण मागासलेलीच राहायला सांगणार आहोत. त्यामुळे जरा जपून बोला."

यवतमाळात आम्हाला जीप मिळाली ती रशीदभाईंची. एस.टी. स्टँडजवळ त्यांचं गॅरेज. कापसाच्या जिनाच्या चरकापासून पिठाच्या गिरणीपर्यंत जिल्ह्यातलं प्रत्येक इंजिन त्यांनी एकदा तरी उघडलेलं. जीप अशी, की तिच्या हॉर्नशिवाय सगळं वाजे.

"साब, गाडीची फिकर करू नका," ते म्हणाले. "हे माझी दुसरी बायको हाय. पयलीहून कमी खाते अन् जास्त बोलते."

संध्याकाळी खानावळीत वांग्याच्या भाजीवर बोटभर लाल तर्री (वर तरंगणारं तिखट तेल) आली. वर सांबार (इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) भुरभुरलेला. मी पहिला घास घेतला आणि माझ्या कानांतून निघालेल्या वाफेवर पलीकडच्या गिऱ्हाइकाने चहा गरम करून घेतला. रावसाहेबांनी मात्र अन्न टाकायचं नाही म्हणून ताट स्वच्छ केलं. त्याची फळं पुढे येतील.

दुसऱ्या दिवसापासून डोंगर सुरू झाले. रानात पळस फुलून संपत आला होता, मोहाखाली बायका टोपल्या घेऊन वाकलेल्या. झरी जामणीकडच्या जंगलात काट्याला बरं वाटलं, पण तिथला डोंगर मालतीबाईंना पटेना. उतार उत्तर-दक्षिण पाहिजे, तोही ठराविक. डोंगराला हे आधी कोणी सांगितलेलं नव्हतं.

मग आम्ही उलट्या दिशेला, फुलसावंगीच्या अलीकडच्या एका गावाला गेलो. नाव सांगत नाही, तिथल्या लोकांनी माझं पोट भरलं आहे. 'दिल्लीची समिती येणार' एवढंच गावाला कळलं होतं. सरकार येतं ते प्रगती बघायला, हे त्यांना पूर्वीच्या अनुभवावरून पक्कं ठाऊक. त्यांनी तीन कोसांवरून लाउडस्पीकर आणला, तो चालवायला बॅटऱ्या, त्या भरायला इंजिन, आणि ते इंजिन बंद पडलं तर लाज नको म्हणून दुसरं इंजिन. मालतीबाईंनी पेटी उघडली. काटा असा फिरला, की त्याच्या वाऱ्याने माझी टोपी उडाली.

सरपंचांनी काट्याची उडी पाहिली. त्यांचा चेहरा फुलला. "लय झाला ना मार्क? अजून एक इंजिन हाय साहेब, जावयाकडे. आणू का?"

रावसाहेबांनी हात जोडले. गावाने टाळ्या वाजवल्या. एवढ्या प्रेमाने नापास होणारं गाव मी दुसरं पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी पुसदच्या डाक बंगल्यात यवतमाळची तर्री रावसाहेबांना भेटायला परत आली. दुसऱ्या दिवशी ते उठू शकले नाहीत. आम्ही तिघेच, मालतीबाई, रशीदभाई आणि मी, एका तांड्याकडे निघालो. तांडा म्हणजे बंजारा लोकांची वस्ती. हे लोक पूर्वी लदेणी करत, म्हणजे पाठीवर धान्य-मीठ लादलेले बैलांचे कळप घेऊन देशभर माल वाहत. रेल्वे आली, धंदा बुडाला, तेव्हा जिथे थांबले तिथे शेती करू लागले.

रस्ता नाल्याशी संपला. संपला म्हणजे नाल्याने खाल्ला. जीप तिथेच ठेवली, नाही तरी तिच्या ठिणग्या काट्याला चालल्या नसत्या. पेटी डोक्यावर घेऊन आम्ही कोरड्या पात्रातून पलीकडे चढलो.

तांड्याच्या वर डोंगर पहुडला होता. उत्तर-दक्षिण, अंगावर घोंगडी ओढून निजलेल्या माणसासारखा. मालतीबाईंनी तार ताणली, पेटी उघडली. काटा जागचा हलेना. त्यांनी पेटीवर टिचकी मारली, बॅटरी बदलली. काटा निजलेला. मग त्या दगडावर बसल्या आणि पदराने घाम पुसत स्वतःशीच हसल्या. आठवड्याभरात मी इतके विनोद सांगितले होते, एकालाही एवढं हसू आलं नव्हतं.

तांड्याचे प्रमुख थावरा नायक. पांढऱ्या मिशा, तांबडं पागोटं, बोलणं सावकाश. त्यांनी आम्हाला दारातल्या लिंबाखाली बसवलं. त्यांच्या पत्नीला सगळा तांडा सोनी याडी म्हणे. याडी म्हणजे आई. आरसे जडवलेली कांचोळी (चोळी), हातभर पांढऱ्या बांगड्या. तिने मालतीबाईंना पाणी दिलं आणि विचारलं, "तुहं माहेर कोठी बाई?"

"माहेर असं नाही," मालतीबाई म्हणाल्या. "आई लहानपणीच गेली. वसतिगृहातच वाढले."

याडीने त्यांच्या डोक्यावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. "मंग हे धर माहेर. पाणी पेली ना माया घरचं."

नायकांचा मुद्दा वेगळा होता. यंत्र काय ऐकतं यात त्यांना रस नव्हता. "त्याच्यासाठी सडक येईन का?"

"यंत्र आलं तर रस्ता आणि नाल्यावर रपटा येणारच," मालतीबाई म्हणाल्या. रपटा म्हणजे पाणी वरून जाऊ देणारा बुटका पूल.

नायक चिलीम भरत म्हणाले, "आमच्या आज्यानं बैल हाकून हाकून साऱ्या मुलुखाच्या वाटा पाडल्या. अन् आमच्याच तांड्याले वाट नाही. कचेरीत जाऊन सांगतलं तर म्हणतेत, तुमची वस्ती लहान. आता लहान हाय तं काय, वाट पाहून मोठी होईन का?"

"अन् तीजले पोरी येत नाहीत," याडी मध्येच म्हणाली. तीज हा त्यांचा श्रावणातला सण. टोपलीत गहू उगवतात, गाणी म्हणतात, आणि लग्न होऊन गेलेल्या मुली त्यासाठी माहेरी येतात. पण श्रावणात नाला भरलेला. मुली पलीकडच्या काठापर्यंत येऊन, हात हलवून परत जातात. "मायी लेक झमकू चार सालापासून उभी राहून राह्यली पलीकडं. इकून मी गाणं म्हणतो, तिकून ते. मंधात पाणी."

हे ऐकून मला काही गंमत सुचली नाही. लिहून ठेवतो, कारण असं क्वचित होतं.

दोन दिवसांनी रावसाहेब उठले. त्यांना घेऊन पुन्हा गेलो. जागा जवळजवळ ठरलीच होती, फक्त अध्यक्षांनी डोळ्यांनी पाहायची राहिली होती. नाला ओलांडून ते धापा टाकत वर आले, आणि त्याच क्षणी तांड्यातून आकांत उठला.

सोनी याडी धावत आली आणि मालतीबाईंच्या गळ्यात पडून रडू लागली. तिच्यामागे सगळ्या बायका. साधं रडणं नव्हे. लांब सुरात, हेल काढून, शब्द ओवत. मालतीबाईंना एक अक्षर कळत नव्हतं, पण त्यांचेही डोळे वाहू लागले. मग त्या हुंदके देऊ लागल्या. काठावरच्या शेळ्याही रडल्या असं मी म्हणणार होतो, पण शेळ्यांबद्दल मला खात्री नाही.

रशीदभाई शेजारी पान चावत उभे होते. त्यांनी कौतुकाने मान हलवली. "मस्त रडून राह्यल्या. बाईले लेक मानलं ना. लेक घरी आली, की या लोकांत असंच रडून भेटतेत. म्हणतेत, किती नद्या उतरून आली, पायाले फोड आले असतीन, तुह्या वाटेकडं पाहून आमचे डोळे वाळले. आनंदाचं काम हाय साब. मागं दुसऱ्या तांड्यात इंजिन दुरुस्तीले गेलतो तवा पाह्यलं होतं."

मी वळून रावसाहेबांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांनी टोपी काढून हातात धरली होती.

"माझ्या पहिल्या धरणात एक गाव गेलं," ते हळूच म्हणाले. "शेवटच्या दिवशी बायका अशाच रडत होत्या. मी म्हणालो होतो, सवय होईल त्यांना." मग म्हणाले, "नाही. हे नाव खोडायचं. जागा कितीही चांगली असो."

"अहो रावसाहेब," मी म्हणालो, "हे स्वागत आहे."

"तुमची थट्टा आत्ता नको."

"थट्टा नाही. शप्पथ. लेक आली की रडतात हे लोक."

रावसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही काल मला सांगितलंत, की यवतमाळच्या गाडीत चढलेला नवरदेव नातू घेऊन उतरला."

 आयुष्यात एकदा निर्भेळ सत्य हाती आलं, आणि दुकानावर पाटी दुसऱ्याच मालाची. मी रशीदभाईंकडे बोट दाखवलं. रावसाहेब म्हणाले, "त्यांना तुम्ही पढवलं असेल." रशीदभाईंनी पान दुसऱ्या गालात ढकललं. "साब, मी फक्त इंजिनचं खोटं बोलतो, माणसाचं नाही." याचाही उपयोग झाला नाही.

रावसाहेब सरळ नायकांपुढे जाऊन उभे राहिले. "नायकजी, घाबरू नका. तुमची वीतभर जमीनही आम्ही घेणार नाही. सरकार इथे येणार नाही. मी शब्द देतो."

नायकांच्या हातातली चिलीम खाली आली. "काहून साहेब? आमच्याकून काही चुकलं का?"

"चूक आमची. या माउल्या रडताहेत ते मी पाहिलं."

नायकांनी बायकांकडे पाहिलं, रावसाहेबांकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. मग ते गोर बोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या भाषेत, काहीतरी ओरडले. रडणं असं थांबलं, जणू कोणी नळ बंद केला. सोनी याडीने ओढणीने डोळे पुसले आणि हसू दाबत पुढे आली.

"मी लेकीले भेटून राह्यली होती ना बाप्पा. तुमच्या पुण्याले लेक आली तं काय करता?"

"चहा करतो," रावसाहेब म्हणाले.

"बस? चहा?" याडीने मालतीबाईंकडे करुणेने पाहिलं. "म्हणून बिचारी इतकी सुकली."

बायका खिदळल्या. मालतीबाई अजून हुंदके देत होत्या, त्यांना थांबता येईना. त्या हुंदके देत हसू लागल्या आणि याडीने त्यांना पुन्हा कुशीत घेतलं, या वेळी सुराशिवाय.

रावसाहेब लिंबाखाली बसले. चेहऱ्यावर रंग परत आला होता, पण ते रावसाहेब होते. "मग सगळं ऐकून घ्या," ते म्हणाले. "जमीन जाणार नाही, डोंगराची पडीक कड तेवढी घेऊ. रस्ता येईल, त्यावरून दिवसाकाठी एखादी एस.टी. चालेल. पण वीज येणार नाही. विहिरीवर पंप बसणार नाही. पिठाची गिरणी येणार नाही, दुसरं कुठलंच इंजिन येणार नाही. आसपासची गावं उजळतील आणि तुम्ही अंधारात राहाल. नातवंडं मोठी होईपर्यंत."

तोवर सगळा तांडा लिंबाखाली जमला होता. मागून एक बाई म्हणाली, "नायकाले काय जाते. त्याले आयती बाटी भेटते. जातं कोण ओढते?" बाटी म्हणजे भाकर. नायकांनी मान वळवली नाही, पण मिशी हलली. ते याडीला म्हणाले, "तू सांग. दळणारी तू हायेस."

याडीने आपल्या तळहाताकडे पाहिलं. "दळून घेऊ," ती म्हणाली. "दळत तं आलोच. पोरी आल्या पाह्यजे."

मग नायक रावसाहेबांकडे वळले. "कबूल. पण आमच्या धंद्याची रीत ऐका साहेब. विसार, म्हणजे सौद्याचा आगाऊ पैसा, हाती आल्याबिगर लदेणीचा बैल ओझं उचलत नाही. तुमची मशीन कवा येईन ते तुमाले ठाऊक नाही. आधी सडक द्या. तो आमचा विसार. तेव्हापासून इथं इंजिन वाजलं तं माझी मिशी काढा."

"सरकारची रीत उलटी आहे," रावसाहेब म्हणाले. "आधी यंत्र मंजूर, मग रस्ता."

"मंग सरकारचा बैल सरकारनंच हाकावा," नायक म्हणाले आणि चिलीम पेटवली.

जेवणाला बाजरीची बाटी, लसणाची चटणी आणि ताक होतं. चटणीबद्दल एवढंच सांगतो, की जीप किल्लीशिवाय चालू झाली.

परतीच्या गाडीत रावसाहेब अहवालाचा मसुदा मांडीवर घेऊन बसले होते. मूर्तिजापूर येईना आणि वाक्य सुटेना. शेवटी त्यांनी मला जवळ बोलावलं, आवाज खाली आणून, एखादा सज्जन गृहस्थ गुत्त्याची वाट विचारतो तसं.

"असं लिहिलं तर? 'अंतिम निर्णयापूर्वी वर्षभर मोजणी आवश्यक. त्यासाठी उपकरणे वर नेण्यास पक्का रस्ता व नाल्यावर रपटा अनिवार्य.'"

"मग अडचण काय?"

"अनिवार्य नाही हो. पेटी तर तुम्ही डोक्यावर नेली." त्यांनी चष्मा पुसला. "अतिशयोक्ती होते आहे. किती चालते, हे तुम्हाला ठाऊक असेल."

माझ्या कलेचा हा पहिला सरकारी सन्मान. मी विचार करून म्हणालो, "उपकरणं नाजूक आहेत असं घाला. नाजूक म्हटलं की कोणी प्रश्न विचारत नाही." मालतीबाई खिडकीबाहेर पाहत होत्या. त्या वळल्याही नाहीत, फक्त म्हणाल्या, "अतिशय नाजूक."

तसं लिहिलं गेलं. आणि वाचकहो, रस्ता झाला. कचेऱ्यांमध्ये काय घडलं देव जाणे, पण त्या एका वाक्याच्या पाठीवर बसून मुरूम, खडी, रोलर सगळं तांड्यापर्यंत गेलं.

यंत्र मात्र गेलं नाही. मोजणी झाली, आकडे चांगले आले, पण दक्षिणेकडच्या एका डोंगराचा उतार अधिक सोयीचा निघाला. मालतीबाई तिकडे रुजू झाल्या. जाताना त्यांनी तांड्याला कळवावं म्हणून कचेरीत सांगितलं. कचेरीने दखल घेतली. दखल घेणं म्हणजे काय, ते ज्याला कचेरी माहीत आहे त्याला सांगायला नको.

दोन पावसाळे गेले. एके दिवशी रशीदभाई इंजिनाचे सुटे भाग घ्यायला पुण्याला आले आणि माझ्याकडे उतरले. चहा पिता पिता म्हणाले, "साब, तो नायक पागल झाला का? पोरी तीजले येऊन राह्यल्या, एस.टी. पार तांड्यापर्यंत जाते. मी म्हटलं आता गिरणी टाकू, जुनं इंजिन सस्त्यात देतो. तं म्हणे, नाही. विसार घेतलाय. बाईची मशीन येऊन राह्यली. आजूबाजूच्या साऱ्या तांड्यांत गिरण्या आल्या. याच्या बायका अजून जातं ओढून राह्यल्या."

मी तसाच उठून रावसाहेबांकडे गेलो. ते अंगणात झाडांना पाणी घालत होते. मी सांगितलं. कधी नव्हे ते एकही शब्द न वाढवता सांगितलं, आणि या वेळी त्यांनी लगेच विश्वास ठेवला. झारी खाली ठेवून म्हणाले, "तिकिटं काढा."

पुसदहून एस.टी.त बसलो. रपट्यावरून घोटाभर पाणी वाहत होतं, बस त्यातून फवारे उडवत गेली. रशीदभाई आमच्या मागून बैलगाडीत इंजिन आणि गिरणी घालून येत होते. "परवानगी नाही भेटली तं परत नेईन," असं म्हणाले होते.

नायक त्याच लिंबाखाली होते. जरा वाकलेले. राम राम झाला. रावसाहेब बसले नाहीत.

"नायकजी, यंत्र येत नाही. दुसरीकडे गेलं."

नायकांनी डोंगराकडे पाहिलं. "बाई कोठी हाय?"

"तिकडेच. यंत्रापाशी."

"चालू झालं ते?"

"बांधून होत आलं आहे."

"मंग बरं हाय." मग सावकाश म्हणाले, "आमच्या धंद्यात वाहणारा फिरला तं विसार परत द्या लागते. मालवाला फिरला तं विसार बुडते."

"बुडाला. तेच सांगायला आलो. तुम्ही मोकळे."

सोनी याडी दारात उभी होती. या वेळी ती रडली नाही. ती रावसाहेबांसमोर आली आणि दोन्ही तळहात त्यांच्यापुढे धरले. तिथली कातडी चामड्यासारखी झाली होती.

"कवा ठरलं होतं हे?"

रावसाहेबांनी खरं ते सांगितलं. "गेल्या वर्षीच्या आधीच्या पावसाळ्यात."

"अन् तुमच्या सरकारात एक माणूस नोता सांगाले?"

"नव्हता," रावसाहेब म्हणाले. "मीही नव्हतो."

मी काही बोलायला गेलो. रावसाहेबांनी मला हाताने थांबवलं. याडी त्यांना पुष्कळ बोलली, बरंचसं गोर बोलीत, आणि त्यांनी टोपी हातात घेऊन ते सगळं ऐकलं. बोलून झाल्यावर ती म्हणाली, "पोरी आल्या पण. ते खोटं नाही." आणि आत जाऊन त्यांच्यासाठी ताक घेऊन आली.

दुपारी इंजिन आणि गिरणी एका छपरात बसवली. रशीदभाईंनी हँडल फिरवलं. ते खोकलं, थुंकलं, काळा धूर सोडला आणि पुक पुक करत चालू झालं. त्या डोंगराने कधी न ऐकलेला आवाज. कोंबड्या पळाल्या, लेकरं जवळ आली. नायक दोन्ही कानांवर हात ठेवून उभे राहिले. मग त्यांनी एक हात काढला, नंतर दुसरा. पहिलं दळण याडीचं. ज्वारी वरून पडली, पीठ खाली आलं. ती वाकून ते बोटांत चोळून पाहत राहिली. जाडंभरडं आहे म्हणाली. रशीदभाईंनी गिरणीचे दगड अजून आवळले. रावसाहेब छपरातून हलले नाहीत. प्रत्येक बाईचं दळण होईपर्यंत डबे उचलून देत राहिले.

पुण्यात लोक मला विचारतात, त्या जागेचं पुढे काय झालं. सरकारच्या मोठ्या नकाशावर, जिथे पुढच्या तीस-चाळीस वर्षांची आखणी असते, तिथे म्हणे त्या डोंगराभोवती निळ्या पेन्सिलीने एक वर्तुळ काढलं होतं. मग खोडरबराने ते पुसलं. मला या आखणी करणाऱ्यांचा राग येत नाही. तारे ऐकायला निघालेला माणूस मला आवडतो, आणि त्यासाठी दूरचं बघावंच लागतं. फक्त वर्तुळ काढताना चार माणसं येऊन गेली होती, चहापाणी झालं होतं, बायका गळ्यात पडल्या होत्या. पुसताना कोणी आलं नाही. मी फोटोवाला; मला एवढंच दिसतं, की रेघ कागदावर असते तेव्हा रबराने पुसते, आणि जमिनीवर असते तेव्हा कुणाला तरी एस.टी.ने जावं लागतं.

परतीच्या बसमध्ये रावसाहेब डोक्यापासून चपलेपर्यंत पिठाने पांढरे होते. मी झटकायला रुमाल पुढे केला. त्यांनी घेतला नाही. कंडक्टर तिकिटं फाडत आला, त्याने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"गिरणी टाकली का बाबा?"

"टाकली," रावसाहेब म्हणाले. "उशीर झाला जरा."